मांजर असलेल्या घरात सुगंध कशाचा: डिफ्युझर, उदबत्ती, कापूर की मोगरा?

घरात मांजर, कुत्रा किंवा पिंजऱ्यातले लव्हबर्ड असतील, तर सुगंध निवडताना तो हवेत कसा पसरतो आणि शेवटी कुठे जाऊन बसतो, हे आधी पाहावे लागते.

सर्वाधिक सावधगिरी इलेक्ट्रिक डिफ्युझरबाबत, म्हणजे सुगंधी तेल धुक्यासारखे हवेत सोडणाऱ्या यंत्राबाबत हवी. त्याच्या धुक्यात तेलाचे सूक्ष्म कण असतात आणि ते सोफ्यावर, चादरीवर व जवळ झोपलेल्या मांजरीच्या केसांवर बसतात. मांजर आधी पंजा चाटते, तोच कानामागून फिरवते आणि पुन्हा चाटते. अंगावरचे तेल असे पोटात जाते. फिनॉलसारखी द्रव्ये निष्प्रभ करणारी ग्लुकुरोनायडेशन ही यकृतातील प्रक्रिया मांजरात फार क्षीण असल्याने लवंग व दालचिनीची तेले तिला विशेष बाधतात. टी ट्री, निलगिरी, पुदिना आणि लिंबूवर्गीय तेलेही तिच्यासाठी घातकच. बाटलीवर ‘नैसर्गिक’ असे छापलेले असले, तरी यात काही फरक पडत नाही. मांजर असलेल्या घरात डिफ्युझर नकोच, असे माझे स्पष्ट मत आहे.

काड्यांच्या रीड डिफ्युझरमधून धुके येत नाही, पण बाटलीत तेल भरलेले असते. कुत्र्याच्या घरी ती उंच फळीवर ठेवता येते. मांजरीला मात्र कोणतीच फळी उंच नसते.

उदबत्तीचा प्रश्न तेलाचा नसून धुराचा आहे. दमा असलेली मांजर, पगसारखा चपट्या नाकाचा कुत्रा आणि सर्वांत जास्त पक्षी यांना तो सोसत नाही. पक्ष्यांची श्वसनसंस्था हवेतील घटक फार वेगाने शोषून घेते, त्यामुळे ते असलेल्या खोलीत उदबत्ती, धूप, स्प्रे यांपैकी काहीच वापरू नये. इतर निरोगी प्राण्यांच्या घरी देवापुढे एक उदबत्ती, जाळी लावलेली खिडकी उघडी आणि प्राण्याला खोलीबाहेर जायला वाट, एवढे पाळले तर धोका बराच कमी होतो. धूप अधिक धुरकट असल्याने तो रोज नको.

कापराबाबत आपण फार निष्काळजी असतो. तो पोटात गेल्यास कुत्र्याला किंवा मांजरीला झटके येऊ शकतात, म्हणून वडी उघड्या वाटीत किंवा कपाटाच्या खालच्या कप्प्यात कधीही ठेवू नये. हाच नियम डांबराच्या गोळ्यांनाही लागू आहे.

राहिला मोगरा, आणि माझी पसंती त्यालाच आहे. मांजर व कुत्रा या दोघांसाठीही तो विषारी नाही. मात्र फुले सुटी, पाणी घातलेल्या वाटीत ठेवावीत. गजरा नको, कारण मांजर त्याचा दोरा गिळते आणि तो आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. पुष्पगुच्छातली लिली तर मांजरीच्या घरात आणूच नये. तिच्या परागांनी किंवा फुलदाणीतल्या पाण्यानेसुद्धा मांजरीचे मूत्रपिंड निकामी होते.

सुगंध वापरल्यानंतर लाळ गळणे, तोल जाणे, थरथर, उलटी किंवा तोंड उघडून श्वास घेणे दिसले, तर प्राण्याला लगेच मोकळ्या हवेत न्यावे. अंगावर तेल असल्यास भांडी घासायच्या सौम्य द्रव साबणाने धुवावे, घरच्या घरी उलटी करवू नये आणि पशुवैद्यांकडे जाताना तेलाची बाटली सोबत न्यावी, म्हणजे लेबलवरचे घटक त्यांना लगेच वाचता येतील.