शांघायमध्ये कुणी ‘चला, चहा घेऊ’ म्हटलं तर

२०२५च्या अखेरीस दिल्ली-शांघाय थेट विमानसेवा परत सुरू झाली. आता ओळखीतली बरीच मंडळी तिकडे निघाली आहेत आणि बहुतेकांच्या यादीत शांघाय आहेच. म्हणून हे सविस्तर लिहितेय. चहाच्या आमंत्रणातून पर्यटकांना लुबाडायच्या ज्या प्रकारात मी आणि माझी मोठी बहीण तिथे अडकलो तो नवा नाही. पीपल्स स्क्वेअर, नानजिंग रोड आणि नदीकाठचा ‘बंड’ या पट्ट्यात तो वर्षानुवर्षं चालत आलाय.

पीपल्स स्क्वेअरला शांघाय म्युझियमची इमारत आहे, काशाच्या प्राचीन तिपायी भांड्याच्या घाटाची. तिच्यासमोर आम्ही उभ्या होतो. विशी-बाविशीच्या दोन मुली आल्या, पाठीवर सॅक, आणि आपला फोन माझ्यापुढे धरून म्हणाल्या, “आमचा एक फोटो काढाल?” इथे नीट लक्ष द्या. त्या काही विकायला आल्या नव्हत्या, काही मागतही नव्हत्या. मदत आम्ही त्यांना करत होतो. फोटो झाल्यावर बोलणं ओघानंच सुरू झालं. त्या म्हणे उत्तरेकडच्या हार्बिन शहरातल्या, सुट्टीत शांघाय बघायला आलेल्या, म्हणजे आमच्यासारख्याच पाहुण्या. इंग्रजी बोलायचा सराव करायचाय म्हणाल्या. भारत म्हटल्यावर आमिर खानचं नाव निघालं. मुलं किती, नातवंडं किती, एवढं चालून गुडघे दुखत नाहीत का, असं सगळं त्यांनी ताईला विचारलं. ताईचा जन्म शाळेत शिकवण्यात गेलाय. शिकायला उत्सुक असलेल्या मुलींना ती झिडकारणं शक्यच नव्हतं.

मग विषय निघाला चहाचा. पारंपरिक चहाचा कार्यक्रम आहे, आज शेवटचा दिवस, आम्ही तिकडेच चाललोय, येता का? ताई शुद्ध शाकाहारी. तिथे ताटात येणाऱ्या प्रत्येक गोष्टीबद्दल दहा चौकशा कराव्या लागत होत्या आणि निर्धास्तपणे घेता येईल असा चहाच काय तो होता. बोलावणं अगदी मनाजोगं होतं.

जागा जवळच होती, पण रस्त्यावरून दिसणारी नव्हती. एका जुन्या इमारतीचा जिना, वरच्या मजल्यावर बोळ आणि बोळाच्या टोकाला छोटी खोली. खिडकी नाही. दुसरं गिऱ्हाईक नाही. आत आलो आणि दार लोटलं गेलं. मध्ये फटी पाडलेला लाकडी पाट, सांडलेलं पाणी खाली जावं म्हणून. पाटाच्या कोपऱ्यात तोंडात नाणं धरलेला मातीचा बेडूक. चहा करणाऱ्या बाईनं पहिल्या धारेचा चहा त्याच्यावर ओतला, तसा त्याचा रंग काळपटाचा तांबूस झाला. मग काचेच्या पेल्यात सुपारीएवढा वाळका गोळा टाकला आणि गरम पाण्यात तो फुलासारखा उमलला. लोंगजिंग, तिएग्वानयिन, युनानचा पुअर, चमेलीचा, लिचीचा. प्रत्येक वेळी घोटभर मावेल एवढी वाटी. बाई सांगायची आणि मुली इंग्रजीत समजावून द्यायच्या. कार्यक्रम सुंदर होता, हे मी कबूल करते.

सुरुवातीला प्लॅस्टिकच्या फाइलमधला दरफलक आमच्यासमोरून फिरवला होता. त्यावर ५८ हा आकडा होता. तो सगळ्या कार्यक्रमाचा, असंच कुणालाही वाटावं. बिल आलं तेव्हा कळलं की ५८ युआन हे दरडोई, आणि तेही प्रत्येक चहाचे. सहा चहा, चार माणसं, म्हणजे १,३९२. शिवाय खोलीचं भाडं दरडोई ५०. एकूण १,५९२ युआन. एका युआनचे साधारण बारा रुपये धरा, म्हणजे झाले एकोणीस हजारांच्या वर.

खरा डाव त्यानंतरचा. आम्ही काही बोलायच्या आत त्या मुलींनी पर्स उघडल्या. “महाग आहे, पण अनुभव केवढा! निम्मं आमचं, निम्मं तुमचं.” आणि त्यांनी आपले ७९६ युआन नोटांमध्ये मोजून ठेवले. विद्यार्थिनी म्हणवणाऱ्या मुली निमूट पैसे भरत असताना आपण कुरकुर कशी करायची? ते पैसे त्यांच्याच धंद्यातले असतात, संध्याकाळी परत त्यांच्याच हातात जातात, हे त्या क्षणी बाहेरून आलेल्या माणसाला कसं दिसणार? आमच्याकडे रोख नव्हती म्हणून मी फोनवरून अलीपे या चिनी पेमेंट ॲपनं आमचे ७९६ भरले. दार उघडेपर्यंत बाईनं ताईच्या हातात २८० युआनचा चहाचा डबाही ठेवला होता. तोही मी भरला. ताईचा चेहरा पडला होता आणि मला तिला तिथून बाहेर काढायचं होतं.

या प्रकाराला लोक ‘हावरटपणामुळे फसले’ म्हणतात तेव्हा मला संताप येतो. यात हाव कुठेच नाही. कुणी दुप्पट पैशांचं आमिष दाखवत नाही, स्वस्तात सोनं देत नाही. इथे तुमच्या सौजन्यावरच डल्ला मारला जातो. म्हणून ज्येष्ठ मंडळी, एकट्यानं फिरणारी मुलं-मुली आणि मनमोकळी माणसं यात जास्त सापडतात.

हे सांगताना शांघायवर अन्याय होऊ नये. रात्री अकराला आम्ही दोघी बायका बंडवरून समोरचा ६३२ मीटर उंच शांघाय टॉवर बघत निवांत चालत होतो, कुणी वाकड्या नजरेनं बघितलं नाही. मेट्रोच्या मशीनपुढे आम्ही गोंधळलेल्या दिसलो तेव्हा एका मुलानं बटणं दाबून तिकिटं काढून दिली, मान हलवली आणि तो गेला. माझ्या मते फरक नेमका इथेच आहे. खरी मदत जागच्या जागी संपते. ती तुम्हाला अडलेलं बघून येते आणि काम झालं की निघून जाते. हे लोक तुमचं काही अडलेलं नसताना येतात, बोलणं लांबवतात आणि शेवटी तुम्हाला दुसरीकडे नेतात. मग ते चहाघर असो किंवा चित्रकलेच्या ‘विद्यार्थ्यांचं’ प्रदर्शन. तेही याच भागात चालतं आणि त्यातही भिडेखातर चित्र घ्यायला लावतात. जागा त्यांनी निवडली की सावध व्हा. गप्पा मारायच्याच असतील तर समोर दिसणाऱ्या बाकावर बसू, किंवा आम्ही निवडलेल्या कॅफेत जाऊ, असं त्यांना म्हणा. असं म्हणणाऱ्या माणसांना ते टाळतात.

चहाचा सोहळा बघायचा असेल तर यू गार्डनजवळ नागमोडी पुलाच्या मधोमध तळ्यातलं हूशिनतिंग चहाघर आहे, एकोणिसाव्या शतकापासूनचं. रस्त्यावरून दिसतं, आत चार माणसं बसलेली असतात. कुठेही बसा, पण भाव दरडोई की किटलीचा, हे पाणी ओतण्याआधी बोट ठेवून विचारा.

आता पैशांचं. हॉटेलवर आल्यावर काउंटरवरच्या मुलीनं माझ्या फोनमधली अलीपेची नोंद बघितली आणि काय घडलं ते मी सांगायच्या आधीच तिच्या लक्षात आलं. तिनं स्वतः ११०ला, म्हणजे पोलिसांना, फोन लावला. नोंदीत पैसे घेणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ, सगळं होतं. पोलीस आमच्याबरोबर त्या इमारतीत आले. त्या मुली अर्थातच तिथे नव्हत्या. चहावाल्या बाईनं आधी दरफलक पुढे केला, पण पोलिसाशी थोडी बोलाचाली झाल्यावर चहाचे ७९६ युआन परत केले. डबा मी परत दिला तरी त्याचे २८० मिळाले नाहीत. वस्तू तुम्ही घेतलीत, असं तिचं म्हणणं.

म्हणून पैसे द्यावेच लागले तर रोख देऊ नका, फोननं किंवा कार्डानं द्या, म्हणजे माग राहतो. दरफलकाचा आणि इमारतीच्या दाराचा फोटो काढून ठेवा. दार अडवलं किंवा कुणी आवाज चढवला तर तिथूनच ११० लावा. शहराच्या १२३४५ या हेल्पलाइनवर इंग्रजीतही बोलता येतं. हॉटेलचं नाव-पत्ता चिनी लिपीत फोनमध्ये असू द्या आणि पासपोर्टचा फोटोही. पोलिसांनी आमच्याकडे पहिल्यांदा हेच दोन मागितले. आणि त्याच दिवशी तक्रार करा. आम्ही दोन तासांच्या आत पोचलो होतो म्हणून ती बाई तरी जागेवर सापडली.