फोन रूट करायचा की एडीबीवर भागवायचं?

फोनचे पैसे आपण मोजतो, पण कंपनीने आधीच भरून दिलेली ॲप्स काढायला गेलं की 'अनइन्स्टॉल'चं बटणच नसतं. ही कुलपं उघडायच्या अँड्रॉइडवर वाटा दोन: बूटलोडर (फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्रॅम) उघडून फोन रूट करायचा, म्हणजे सिस्टीमचा पूर्ण ताबा घ्यायचा, नाहीतर रूटला हात न लावता एडीबीने, म्हणजे फोनला बाहेरून आज्ञा देणाऱ्या गूगलच्या साधनाने, काम काढायचं. तुमचा फोन रोज कोणती कामं करतो, त्यावर निवड करा.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे करणारा व्यापारी असो की तासगावचा द्राक्ष बागायतदार, ज्याचं यूपीआय, बँक, ओटीपी सगळं एकाच फोनवर आहे त्याने तो फोन रूट करू नये. हे मी ठामपणे सांगतो. फोनशी छेडछाड झाली आहे का हे पाहणाऱ्या गूगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीत बूटलोडर उघडा सापडला की बँकेचं ॲप चालायला नकार देऊ शकतं. मॅजिस्क हे रूट करायचं साधन वापरून रूट लपवता येतं, पण आज चाललेली युक्ती पुढच्या अपडेटला बंद पडू शकते. छाटणीच्या मजुरांचे पैसे द्यायच्या दिवशीच ती बंद पडली तर माणसाने करायचं काय?

नुकसान तेवढ्यावर थांबत नाही. बूटलोडर उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. सॅमसंगमध्ये नॉक्स या सुरक्षा यंत्रणेचा फ्यूज (छेडछाडीची कायमची खूण) एकदा उडाला की मूळ सॉफ्टवेअर परत टाकूनही सिक्युअर फोल्डर, म्हणजे खासगी फाइल्सचा कुलूपबंद कप्पा, मिळत नाही. बऱ्याच फोनवर वाइडवाइन (व्हिडिओची नक्कल रोखणारी गूगलची यंत्रणा) एल1 या वरच्या पातळीवरून एल3 या खालच्या पातळीवर येतं, म्हणजे वर्गणी भरूनही ओटीटीवर एचडी चित्र दिसत नाही.

एडीबीची वाट साधी आहे. 'अबाउट फोन'मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात; शाओमीत तेच ओएस व्हर्जनवर करायचं. अँड्रॉइड 11 पासून वायरलेस डीबगिंग, म्हणजे वायरशिवाय एडीबी जोडायची सोय, आहे. त्यामुळे शिझुकू (इतर ॲपना एडीबीचे अधिकार देणारं) आणि कांटा (नको ती ॲप्स काढणारं) ही दोन ॲप्स घेतली की कॉम्प्युटरही लागत नाही. वायफाय चालू ठेवून सहा आकडी पेअरिंग कोड टाकला की काम सुरू. ॲप फक्त तुमच्या यूजरपुरतं निघतं, सिस्टीममधली मूळ प्रत तशीच राहते. म्हणून चुकून नको ते काढलं तर फॅक्टरी रिसेटने परत येतं. तरी ज्याचं काम माहीत नाही त्या सिस्टीम ॲपला हात लावू नका. फोन रीस्टार्ट झाला की शिझुकू पुन्हा सुरू करावं लागतं. डेव्हलपर ऑप्शन्स चालू दिसले तरी काही बँकांची ॲप्स अडतात, तेव्हा काम झालं की ते बंद करा.

जाहिरातींसाठी तर एवढंही नको. अँड्रॉइड 9 पासून सेटिंग्जमध्ये प्रायव्हेट डीएनएस आहे, तिथे जाहिराती अडवणारा डीएनएस (इंटरनेटवरचे पत्ते शोधून देणारा सर्व्हर) भरला की ॲपमधल्या बऱ्याच जाहिराती थांबतात.

मग रूट कुणी करावं? सांगलीच्या विश्रामबागेत वालचंद कॉलेजला शिकणाऱ्या पोराकडे जुना, बँकेशी संबंध नसलेला फोन असेल तर त्याने बिनधास्त करावं. ॲपच्या आतल्या डेटासकट पूर्ण बॅकअप घेता येतो, चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवता येतं. कंपनीने अपडेट बंद केलेल्या फोनवर, त्या मॉडेलसाठी लिनिएजओएस (स्वयंसेवकांनी बनवलेली अँड्रॉइडची मोफत आवृत्ती) असेल तर, नवा अँड्रॉइडही चढतो. त्याला रूटसुद्धा लागत नाही, उघडा बूटलोडर पुरतो. फोन असं शिकवतो तसं कुठलाही क्लास शिकवत नाही.

फक्त सुरुवात करण्याआधी आपल्या मॉडेलचा बूटलोडर उघडतो का ते पाहा. कंपनीच्या दुकानातून घेतलेल्या पिक्सेलमध्ये सहज उघडतो, शाओमीत अर्ज करून वाट बघावी लागते, विवोत बहुतेक फोनवर सोयच नाही. आणि हप्त्यावर घेतलेला फोन असेल तर फायनान्सवाल्याचं लॉक ॲप काढायच्या नादाला, हप्ते फिटेपर्यंत, कुठल्याच वाटेने लागू नका.