कारकुनी की तोफखाना?

डिसेंबर 1941 मध्ये ब्रिटनने 20 ते 30 वयाच्या अविवाहित स्त्रियांना सक्तीच्या युद्धसेवेच्या कायद्याखाली आणलं. सरकारी खात्यांपुढे पेच: कारकून मुली ठेवायच्या की सोडायच्या?

ठेवल्या तर कामात मुरलेली माणसं हातची जात नाहीत, टपाल तुंबत नाही. सोडल्या तर एटीएस या महिला सैन्यदलात जाऊन विमानविरोधी तोफांसाठी शत्रूच्या विमानाची उंची मोजायच्या, नेमाचं गणित करणारं यंत्र चालवायच्या. तोफ डागायची मात्र पुरुषांनीच! पगारही पुरुषांच्या दोन-तृतीयांश. कचेरीत तरी कुठे समान होता म्हणा.

माझा कौल सोडण्याला. फायली विवाहित बायकाही सांभाळतील. लग्न झालं की नोकरी सोडायला लावणारा नियम युद्धकाळात सैल झालाच होता, 1946 मध्ये तो रद्दही झाला.