मीडियाइन्फो: दुरुस्त काहीच करत नाही, तरी कॉम्प्युटरवर असू द्या

आधीच सांगतो, हे सॉफ्टवेअर तुमचा अडकणारा व्हिडिओ नीट करून देणार नाही. यात व्हिडिओ चालतसुद्धा नाही. फाइल ओढून त्याच्या खिडकीत टाकायची आणि ते तुम्हाला एक माहितीचं पान दाखवणार, बस. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं. आणि इतकं करूनही गेल्या दोन महिन्यांत माझा सगळ्यात जास्त वेळ कुणी वाचवला असेल तर या पानाने.

झालं असं की दादाने पुतणी सायकल शिकतानाच्या वीसेक क्लिप पाठवल्या, काही त्याच्या नव्या फोनवरच्या काही वहिनीच्या जुन्या फोनवरच्या, आणि म्हणाला जोडून एक छोटी फिल्म कर. माझा घरचा कॉम्प्युटर २०१३ चा. दादाची पहिली क्लिप लावली तर आवाज मस्त सलग येतोय आणि चित्र म्हणजे स्लाइड शो, पोरगी गेटपाशी दिसते मग एकदम झाडापाशी, मधला रस्ता गायब. मग मी तेच केलं जे सगळे करतात. एक कोडेक पॅक (व्हिडिओ उलगडणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमांचा गठ्ठा) टाकला, त्याने काही होईना म्हणून दुसरा टाकला, आता आधी नीट चालणारे व्हिडिओपण उलटे दिसायला लागले, मग दोन्ही काढले, ग्राफिक्सचा ड्रायव्हर उडवून परत टाकला, रात्रीचा एक वाजला, शेवटी नवं ग्राफिक्स कार्ड बघायला लागलो. आग सोमेश्वरी बंब रामेश्वरी.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातला एक जण म्हणाला, अरे पण फाइल आहे कसली ते बघितलंस का? मी म्हटलं एमपी४ आहे. तो हसला.

तर एमपी४ हे नुसतं पाकिटाचं नाव आहे, आतलं पत्र कुठल्या भाषेत आहे ते पाकिटावरून कळत नाही. मीडियाइन्फोत टाकल्यावर पान आलं: फॉरमॅट एचईव्हीसी (व्हिडिओ दाबून लहान करायची एक पद्धत, बघताना तो परत उलगडावा लागतो), प्रोफाइल मेन १०, बिट डेप्थ (रंगांच्या छटा किती बारीक) १० बिट्स, ३८४० बाय २१६०, ६० फ्रेम. म्हणजे एका फ्रेममध्ये जवळपास ८३ लाख ठिपके, फुल एचडीच्या चौपट, आणि असे सेकंदाला ६० वेळा, म्हणजे एक फ्रेम उलगडायला साधारण १७ मिलिसेकंद मिळतात, तेवढ्यात नाही जमलं तर प्लेअर ती फ्रेम सोडून पुढे जातो. एचईव्हीसी हे स्टँडर्डसुद्धा २०१३ सालचंच, माझ्या डब्याच्याच वयाचं, पण दोघांची ओळख नाही. हे उलगडायचं काम करणारं सर्किट चिपमध्येच असावं लागतं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये साध्या ८ बिट एचईव्हीसीसाठी ते पूर्णपणे आलं सहाव्या पिढीपासून, म्हणजे २०१५ मध्ये, आणि १० बिटसाठी सातव्या पिढीपासून. सर्किट नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर. कोडेक पॅक टाकून नवीन सर्किट थोडीच उगवणार आहे!

पडताळायचं असेल तर विंडोज १० किंवा ११ मध्ये व्हिडिओ चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्सची चिप) जा, तिथे 'व्हिडिओ डीकोड' नावाचा आलेख असतो. तो हलत असेल तर कार्ड काम करतंय. माझ्याकडे तो आलेख सरळ रेषा आणि सीपीयू १०० टक्के, पंखा मिक्सरसारखा. पाच मिनिटांचं काम होतं हे, आणि मी रात्र घालवली.

आता पान कसं वाचायचं, कारण पहिल्यांदा बघितलं की घाबरायला होतं. काही फाइलींमध्ये 'एन्कोडिंग सेटिंग्ज' म्हणून अशी लांबलचक ओळ येते की वाटतं कीबोर्डवर मांजर बसलं होतं. ती सोडून द्या. व्ह्यूमध्ये जाऊन 'ट्री' किंवा 'टेक्स्ट' निवडा ('बेसिक' मध्ये कामाच्या गोष्टी बऱ्याचशा लपलेल्या राहतात) आणि मी सांगतो त्या चारच गोष्टी बघा: फॉरमॅट, बिट डेप्थ, फ्रेम रेट मोड आणि ड्युरेशन. डाउनलोड करताना जीयूआय (खिडकी-बटणांचं रूप) लिहिलेलं घ्या, सीएलआय (कमांड टाइप करायचं रूप) घेतलंत तर नुसती काळी खिडकी मिळेल. काहीच टाकायचं नसेल तर त्यांच्या साइटवर ब्राउझरमध्ये चालणारं रूपही आहे आणि त्यात फाइल कुठे अपलोड होत नाही, तुमच्याच मशीनवर वाचली जाते, घरच्या व्हिडिओंसाठी हे मला बरं वाटलं.

फ्रेम रेट मोडवर जरा थांबतो कारण या एका ओळीने मला चाट पाडलं. वहिनीच्या क्लिप साध्या एच.२६४ मधल्या (एचईव्हीसीच्या आधीची, जुनी पद्धत), माझ्या कॉम्प्युटरवर लोण्यासारख्या चालायच्या, म्हटलं चला यांचा तरी त्रास नाही. जोडल्या, रेंडर केलं (म्हणजे सगळ्याची मिळून एक फाइल काढली), बघायला बसलो. सात मिनिटांची एक लांब क्लिप होती, सुरुवातीला सगळं बरोबर, शेवटी पोरगी सायकलसकट आडवी होते, उठते, गुडघा झटकते आणि मग येतो 'धप्प' आवाज आणि 'आई गंऽऽ'. पुतणीला ते इतकं आवडलं की नीट करूच नको म्हणाली. पण मूळ क्लिप प्लेअरमध्ये लावली तर आवाज बरोबर! म्हणजे गडबड रेंडर करताना होते.

मीडियाइन्फोत त्या क्लिपला फ्रेम रेट मोड 'व्हेरिएबल', सरासरी २९.८७. फोन उजेड आणि स्वतःची दमछाक बघून फ्रेम कमीजास्त काढतो. प्लेअर प्रत्येक फ्रेमवरची वेळ बघून दाखवतो म्हणून तिथे कळत नाही, पण काही एडिटिंग प्रोग्रॅम सरळ ३० धरून चालतात. हिशेब करून बघा, सात मिनिटांत २९.८७ ने साधारण १२,५४५ फ्रेम होतात, त्या ३० ने पळवल्या तर ४१८ सेकंदांत संपतात आणि आवाज मात्र ४२० सेकंदांचा. ते जवळपास दोन सेकंद म्हणजेच आमचा उशिरा आलेला धप्प. मी आधी आवाजाचा ट्रॅक हाताने सरकवत बसलो होतो, शेवट जुळवला की सुरुवात बिघडायची, आता कळलं का ते.

यावर उपाय मीडियाइन्फोकडे नाही, तो हँडब्रेक नावाच्या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरकडे. हेही फुकट. त्यात व्हिडिओच्या टॅबमध्ये एच.२६४ निवडायचं, फ्रेम रेट ठरावीक ३० आणि त्याखाली 'कॉन्स्टंट फ्रेमरेट' वर टिंब, क्वालिटी आरएफ २० च्या आसपास (आकडा जितका लहान तितकी फाइल मोठी आणि चित्र चांगलं), आणि दादाच्या ४के क्लिप मी १०८० वर आणल्या. सगळ्या क्लिप रात्री रांगेत लावून झोपलो, सकाळी तयार. एडिटिंगसुद्धा हलकं झालं. एक लक्षात ठेवा, हँडब्रेक प्रत्येक वेळी चित्र नव्याने एन्कोड करतो (उलगडून परत दाबतो) त्यामुळे थोडी तरी क्वालिटी जातेच, मूळ फाइली उडवू नका.

मग रेंडर ६३ टक्क्यांवर बंद पडायला लागलं. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा ६३. इथे एक सांगण्यासारखं म्हणजे आकडा दर वेळी तोच असेल तर संशय क्लिपवर किंवा त्या जागच्या इफेक्टवर घ्या, दर वेळी वेगळा असेल तर उष्णता, रॅम, ड्रायव्हर असल्या गोष्टींवर. प्लेबॅकमध्ये हिरवे-गुलाबी चौकोन दिसतात त्यालाही हेच लागू, त्याच सेकंदाला दिसले तर बहुतेक फाइल खराब, कुठेही दिसले तर व्हीएलसी प्लेअरमध्ये प्रेफरन्सेसमध्ये इनपुट-कोडेक्सखाली हार्डवेअर डीकोडिंग बंद करून बघा, गेले तर दोष बहुधा ड्रायव्हरचा. तर ६३ टक्क्यांना जी क्लिप होती, घाईत हँडब्रेकमधून काढायची राहिलेली, ती मीडियाइन्फोत टाकली. व्हिडिओचं ड्युरेशन ३ मिनिटं १२ सेकंद, आवाजाचं ३ मिनिटं ४०. फोनची जागा भरली होती त्या दिवशीची क्लिप. शेपूट कापली, रेंडर पार.

आता जिथे हे सॉफ्टवेअर कमी पडतं ते. हे मुख्यतः फाइलीच्या डोक्यावरची माहिती वाचतं, पोटात शिरून प्रत्येक फ्रेम तपासत नाही. त्यामुळे मधेच चार सेकंद खराब असलेली फाइल इथे एकदम निरोगी दिसू शकते. त्यासाठी पूर्ण व्हिडिओ उलगडून बघावा लागतो, एफएफएमपेग नावाचं सॉफ्टवेअर ते करतं पण ते कमांड लिहिणाऱ्यांचं काम. आणि कॉम्प्युटरचं तर याला काहीच कळत नाही. पुढच्या आठवड्यात माझं रेंडर कधी २० ला कधी ८० ला बंद पडायला लागलं, क्लिप सगळ्या ठणठणीत, शेवटी कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरच्या पंख्यावर धुळीची गादी. ब्रशने झाडली, झालं.

तसंच 'फॉरमॅट एचईव्हीसी' असं लिहून हे गप्प बसतं, तुमच्या मशीनला ते झेपेल का हे सांगत नाही, तेवढं तुम्हाला तुमच्या चिपचं नाव शोधून बघावं लागतं. नवख्या माणसाला इथे अडायला होतं, माझ्या बाबांना मी हे पान दाखवलं तर ते म्हणाले हे ठीक आहे पण काय झालंय ते सांग.

माझ्याकडून पाचपैकी चार. ग्राफिक्स कार्ड अजून घेतलेलं नाही. दादाला फोनमध्ये ३० फ्रेम आणि एच.२६४ लावायला सांगितलंय, रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये बऱ्याच फोनना तो पर्याय असतो. त्याने लावलं की नाही ते पुढची क्लिप आली की मीडियाइन्फोत टाकून बघेन, त्याला विचारण्यापेक्षा ते लवकर कळतं. आणि पुतणीच्या हट्टापायी फिल्मच्या दोन कॉप्या ठेवल्यात, एकीत धप्प वेळेवर येतो आणि एकीत उशिरा.