पाककृती स्पर्धेसाठी विद्यार्थ्यांना मार्गदर्शन : कोथरूडमधील एक घरगुती वर्ग

माझ्या भाचीने आठवीत असताना तृणधान्य पाककृती स्पर्धेत भाग घ्यायचे ठरवले, तेव्हा तिच्या तयारीसाठी आम्ही कोथरूडमधील एका बाईंच्या घरगुती वर्गाचे मार्गदर्शन घेतले. इतर पालकांना उपयोग व्हावा म्हणून त्याविषयी लिहीत आहे.

बाईंचे वेगळेपण असे की, त्या पदार्थाआधी धान्य शिकवतात. ज्वारीत ग्लूटेन नसल्यामुळे तिच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा येत नाही, म्हणून ते कडकडीत गरम पाण्यात भिजवावे लागते, आणि पीठ जुने असेल तर थापताना भाकरीच्या कडा चिरतात, हे त्यांनी ताजे व जुने पीठ शेजारी शेजारी मळायला लावून दाखवले. नाचणीच्या मोदकाची पारी फाटली, तेव्हाही त्यांनी स्वतः हात लावला नाही. "तेलपाण्याचा हात घे आणि उकड पुन्हा मळ," एवढेच सांगून त्या बाजूला उभ्या राहिल्या. स्पर्धेची तयारी करून घेताना मोठ्यांना हा संयम क्वचितच साधतो, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटला. ठरलेल्या वेळेत ओट्यासकट सगळे आवरण्याची शिस्तही त्या लावतात.

मांडणीकडे मात्र तेथे पुरेसे लक्ष दिले जात नाही, शिवाय परीक्षकांसमोर आपल्या पदार्थाविषयी न अडखळता कसे बोलावे, याचा सराव आम्हाला घरीच करून घ्यावा लागला. शुल्क वाजवी आहे. साहित्य आपणच न्यायचे असते, आणि शनिवारच्या तुकडीत मुले कमी असल्याने शक्यतो तीच मागून घ्यावी.