सेंट्रल पार्कची पायी फेरी : देणगी कुठे मुरते ते दाखवणारी

मुलीकडे अमेरिकेला गेलेल्या पुणेकर आईवडिलांना न्यूयॉर्कचे सेंट्रल पार्क दाखवले जातेच, आणि त्यांतले बहुतेक बेथेस्डा कारंज्यापाशी छायाचित्र काढून परततात. आम्ही या खेपेस उद्यानाची देखभाल करणाऱ्या सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या स्वयंसेविकेबरोबर पायी फेरी केली. झाडांची नावे आणि पुतळ्यांचा इतिहास ऐकण्याच्या तयारीने गेलो होतो. तेही ऐकले, पण मनात राहिला तो पैशाचा हिशेब.

843 एकरांचे हे उद्यान ओल्मस्टेड आणि व्हॉक्स या उद्यानरचनाकारांच्या जोडीने 1858 साली मान्य झालेल्या आराखड्यानुसार उभे केले. त्यासाठी सेनेका व्हिलेज ही प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची वस्ती 1857 मध्ये उठवण्यात आली होती, हेही आमच्या मार्गदर्शिकेने आडपडदा न ठेवता सांगितले. 1970च्या दशकात न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आली आणि उद्यानाची रया गेली : हिरवळीच्या जागी धूळ, भिंतींवर रंगाचे फराटे, मोडलेली बाके. तेव्हा एलिझाबेथ बार्लो रॉजर्स यांच्या पुढाकाराने 1980 मध्ये ही संस्था स्थापन झाली. उद्यानाची मालकी आजही शहराचीच आहे. 1998 पासून करारानुसार व्यवस्थापन मात्र संस्थेकडे आहे आणि वार्षिक खर्चाचा बहुतांश भाग ती स्वतः उभा करते.

फेरीत आम्ही सर्वाधिक वेळ थांबलो तो बाकांपाशी. उद्यानात सुमारे 10,000 बाके आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक बाकांवर धातूच्या लहान पट्ट्या आहेत. दहा हजार डॉलर देणगी देणाऱ्याला अशा पट्टीवर चार ओळी कोरून घेता येतात. आपल्याकडच्या बागांतही ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असलेली बाके असतात; पण तिथे देणगीची रक्कम बहुधा बाक विकत घेण्यातच संपते आणि पुढे त्याची फळी निघाली, तर ती कोणी बसवायची हा प्रश्न तसाच राहतो. इथे बाक आधीपासूनच असते. देणगी कायम निधीत जमा होते आणि तिच्या उत्पन्नातून बाकाची व परिसराची निगा राखली जाते. उद्घाटनाची कोनशिला बसवायला पैसा मिळतो, रोजच्या केर-पाण्याला मिळत नाही, हा सार्वजनिक बागांचा जुना आजार आहे; त्यावर इतका साधा उतारा मी यापूर्वी पाहिलेला नव्हता.

तोच विचार कामाच्या रचनेतही दिसतो. उद्यानाचे 49 विभाग पाडलेले आहेत आणि प्रत्येक विभाग एका ठरावीक माळ्याच्या हवाली केलेला आहे. स्वयंसेवक त्याच्या हाताखाली तण काढतात, पाने गोळा करतात. पूर्वी कामगारांच्या टोळ्या उद्यानभर फिरत, त्यामुळे एखादा कोपरा उजाड झाला तर जाब कोणाला विचारायचा हेच कळत नसे. बेथेस्डा गच्चीखालच्या छताची गोष्टही सांगण्यासारखी आहे. मिंटन कंपनीच्या सुमारे 16,000 फरशा 1980च्या दशकात उतरवून ठेवण्यात आल्या आणि पैसे जमून त्या दुरुस्त होऊन पुन्हा वर चढायला 2007 उजाडले. एवढी वर्षे फरशा सांभाळून ठेवणाऱ्यांचे मला देणगीदारांइतकेच कौतुक वाटले.

निधी उभारण्याच्या सगळ्याच तऱ्हा मला रुचल्या असे नाही. संस्थेच्या महिला समितीचे मे महिन्यातले भोजन नक्षीदार टोप्यांसाठी प्रसिद्ध आहे. बागेसाठी पैसे जमवायला इतका थाट लागावा, हे आमच्यासारख्यांना जरा गमतीचेच वाटते. खरा आक्षेप याहून गंभीर आहे. 2012 मध्ये जॉन पॉल्सन या धनाढ्य गुंतवणूकदाराने या एकाच उद्यानाला दहा कोटी डॉलर दिले, तर गरीब वस्त्यांतल्या बागांना असे शेजारी लाभत नाहीत. श्रीमंत उद्यानसंस्थांच्या खर्चातला 20 टक्के वाटा अशा बागांकडे वळवावा, असा प्रस्ताव 2013 मध्ये एका राज्य सिनेटरने मांडला होता. तो कायद्यात उतरला नाही. मार्गदर्शिकेला याबद्दल विचारले तेव्हा तिने विषय टाळला नाही, पण उत्तर थोडक्यात आटोपले. फेरीला पूर्ण गुण न देण्याचे माझे एक कारण हेच.

दुसरे कारण आमच्या गुडघ्यांचे. दक्षिण भागात पायऱ्या आणि चढउतार बरेच आहेत, मार्गदर्शिकेची चाल झपाझप होती आणि इंग्रजी बोलणेही भरभर. ज्येष्ठांनी सोबत घरचे कोणी तरी घ्यावे. आमच्या फेरीत उत्तर टोक आले नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही आपले आपण हार्लेम मीर तळ्याकडे गेलो. तिथे 2025 मध्ये उघडलेले डेव्हिस सेंटर हे पोहण्याचे आणि स्केटिंगचे केंद्र शहर आणि संस्था यांच्या एकत्रित पैशातून झाले आहे, आणि तिकडची गर्दी पर्यटकांपेक्षा आसपासच्या रहिवाशांची अधिक वाटली. वेळ असल्यास दोन्ही टोके पाहावीत. शीप मेडोवर बसायचे असेल तर मात्र आदल्या रात्री पाऊस झाला नाही ना, ते पाहून निघावे. गवत ओले असले की ते मैदान बंद ठेवतात, आणि लाल निशाण दिसल्यावर कुंपण ओलांडणारा एकही माणूस आम्हाला दिसला नाही.