आईचा वाढदिवस : नौपाड्यातलं जुनं रेस्टॉरंट की घोडबंदर रोडवरचं नवं?

ठाण्यात वडीलधाऱ्यांचा वाढदिवस बाहेर जेवून करायचा ठरला की घरात दोन तट पडतात. एक नौपाड्याचा. गोखले रोड, राममारुती रोड, तलावपाळी या पट्ट्यातलं एखादं जुनं फॅमिली रेस्टॉरंट, जिथे दहावीच्या निकालापासून साखरपुड्यापर्यंत घरातलं सगळं साजरं झालेलं असतं. दुसरा तट घोडबंदर रोडचा. मॉलमधलं किंवा एखाद्या टॉवरखालचं नवं ठिकाण, जे पुतण्यांना आणि सुनांना पसंत असतं. आईच्या पंचाहत्तरीच्या आगेमागे आमचं दोन्हीकडे जेवून झालं आहे, त्यामुळे माझं मत आता बरंचसं ठरलेलं आहे. तरी दोन्ही बाजू सांगतो, कारण प्रत्येक घराची गरज वेगळी.

जेवणाच्या चवीवरून मला फारसं भांडायचं नाही. नव्या ठिकाणचे स्टार्टर खरंच चांगले असतात. पनीर मऊ, तंदूर नीट तापलेला, आणि गोडात जे प्रकार मिळतात ते जुन्या ठिकाणी मागायचीही सोय नाही. जुन्याकडे मसाला पापड, मंचाव सूप, व्हेज कोल्हापुरी, बटर चिकन आणि शेवटी कॅसाटा नाहीतर गडबड आइस्क्रीम. ही यादी तुम्हालाही पाठ असेल. पण आईच्या पिढीला ‘हॉटेलचं जेवण’ म्हणजे हेच ठाऊक आहे. शेफ नेल्सन वँग यांनी १९७५ मध्ये मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन पहिल्यांदा केलं असं सांगतात. आईचं लग्न त्याच सुमाराचं. तिच्या संसाराबरोबरच हे पदार्थ आपल्याकडे रुळले आणि ते समोर आले की तिचा चेहरा खुलतो. ट्रफल तेल शिंपडलेल्या कुलच्याने तो खुलत नाही, तिथे ती शिष्टाचार म्हणून ‘छान आहे हं’ म्हणते.

शिवाय जुन्या ठिकाणी मेनूकार्डाबाहेरचं बोलता येतं. दालखिचडी जरा सैल करा, तिखट नको, तूप वाटीत वेगळं द्या, हे सांगायला संकोच वाटत नाही. आमच्या नेहमीच्या ठिकाणचे एक वयस्क वेटर आईला बघूनच म्हणतात, “काकू, रोटी नको, फुलके सांगतो, मऊ.” नव्या ठिकाणी मुलं अदबीने वागतात, पण बहुतेक विनंत्यांना ‘शेफना विचारतो’ हेच उत्तर असतं आणि विचारून येईपर्यंत वेळ जातो.

माझ्यासाठी निकाल लागला तो मात्र जेवणावर नाही, दारातच.

घोडबंदरच्या एका नव्या ठिकाणी आम्ही अकरा जणांचं आठ वाजताचं बुकिंग केलं होतं. आई, मी आणि बायको वेळेआधी पोहोचलो. दारातल्या मुलीने टॅबमध्ये नाव बघितलं आणि गोड आवाजात सांगितलं, “सर, सगळी मंडळी आली की टेबल देते.” मी म्हटलं, आईला तरी बसू द्या. तर सिस्टीममध्ये पूर्ण पार्टी दाखवल्याशिवाय टेबल उघडत नाही म्हणे. मग आई बाहेर एका पाठ नसलेल्या बुटक्या बैठकीवर बसली. समोर सरकता जिना, बाजूला आइस्क्रीमच्या दुकानातलं संगीत. पाणीसुद्धा आत गेल्यावरच.

आता आपल्याकडची कुटुंबं कशी जमतात ते बघा. ताई डोंबिवलीहून लोकलने येणार, भाचा बेलापूरच्या ऑफिसातून थेट ट्रान्सहार्बरने, धाकटा भाऊ कासारवडवलीहून गाडीने. मेट्रो ४चं काम सुरू झाल्यापासून कापूरबावडी ते मानपाडा कधी दहा मिनिटांत होतं, कधी पाऊण तासात, आणि ते निघताना कळत नाही. अकरा माणसं ठरल्या मिनिटाला एका दारात उभी राहणं ठाण्यात जवळजवळ अशक्य आहे. कोणाचा हलगर्जीपणा म्हणून नाही, शहरच असं पसरलेलं आहे. मंडळी पुरी होईपर्यंत साडेआठ वाजून गेले. आत गेल्यावर कळलं की आमचं टेबल साडेनऊपर्यंतच आहे, कारण पुढचं बुकिंग आहे. मेन कोर्स टेबलावर आला आणि पाठोपाठ “लास्ट ऑर्डर काही?” हा प्रश्नही आला.

त्यांची बाजू मी समजू शकतो. मॉलचं भाडं मोठं असतं, रिकामी खुर्ची त्यांना परवडत नाही, शनिवार-रविवारच्या दोन पाळ्यांवर महिन्याचा हिशेब बसत असेल. पण त्या तासाभरात आई दोनदा म्हणाली, “माझ्यामुळे सगळ्यांची धावपळ झाली.” जिचा वाढदिवस, तिलाच ओशाळं वाटावं, हे मला अजून सोसत नाही.

जुन्या ठिकाणी पहिला माणूस पोहोचला की टेबल आपलं. तीन टेबलं जोडून ठेवलेली असतात, आईला भिंतीकडची खुर्ची मिळते, गरम पाण्याचा पेला न मागता येतो. मग जो जसा येईल तसा येतो. प्रत्येक जण आला की आई पुन्हा एकदा हसते, पुन्हा एकदा पाया पडणं होतं, पापड पुन्हा मागवला जातो. उशिरा आलेल्यासाठी सूप परत गरम होऊन येतं. माझ्या मते वाढदिवसाचा अर्धा आनंद या येण्या-येण्यातच असतो, आणि तो बाहेरच्या बैठकीवर वाया जातो. घाई करायला तिथेही कारण असतं, रविवारी दारात रांग असते. तरी उठा असं आम्हाला कोणी सुचवलेलं नाही.

आता नव्याच्या बाजूने जे आहे ते प्रामाणिकपणे सांगायला हवं. लिफ्ट, स्वच्छ आणि प्रशस्त स्वच्छतागृह, खाली पार्किंग. घरात कोणी व्हीलचेअरवर असेल तर प्रश्नच नाही, नवंच गाठा. बऱ्याच जुन्या ठिकाणी एसी विभाग वरच्या मजल्यावर असतो आणि जिना अरुंद. गुडघे दुखत असतील तर खालच्याच मजल्यावर टेबल मागा, उकाडा जरा सोसा. गाडीचं म्हणाल तर नौपाड्यात ती न नेणंच बरं. न्यायचीच असेल तर गावदेवी मैदानाखालच्या वाहनतळात लावा आणि तिथून रिक्षा करा किंवा चालत जा.

बिलातला फरक तुम्हाला वाटतो तेवढा कराचा नसतो. १५ नोव्हेंबर २०१७ पासून अशा रेस्टॉरंटांना एसी असो वा नसो, जीएसटी पाचच टक्के आहे. जुन्या ठिकाणी एसीचं दरपत्रक वेगळं असेल तर तो मालकाने ठेवलेला दर, सरकारचा नव्हे. नव्याकडे मात्र बिलाच्या तळाशी सेवा शुल्क आहे का ते बघा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ते आपोआप लावू नये असं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ती भूमिका उचलून धरली. काढायला सांगितलं की काढतात. पण वाढदिवसाच्या दिवशी पाहुण्यांसमोर ती घासाघीस मला नको वाटते.

केकचं दोन्हीकडे जमतं. फरक एवढाच की नव्या ठिकाणी दिवे मंद करून, मोठ्याने गाणं लावून सगळा स्टाफ टाळ्या वाजवत येतो. लहान मुलाला ते फार आवडेल. माझ्या आईला कानाचं यंत्र आहे, तिला त्या कल्लोळात कोण काय म्हणतंय ते कळेना. जुन्या ठिकाणी ओवाळणीचं ताट पर्समधून काढलं तर कोणी वळून बघत नाही, आणि काडेपेटी काउंटरवरून येते.

म्हणजे नातवाचा वाढदिवस असेल तर मी घोडबंदरला नाही म्हणणार नाही. आई-वडिलांचा असेल तर, निदान आमच्यापुरतं, नौपाडाच.

जाणार असाल तर दोन-तीन दिवस आधी स्वतः जाऊन काउंटरवर सांगून या, फोनवर ते ‘या, या’ म्हणतात आणि लिहून ठेवतीलच असं नाही. तारीख चतुर्थीची किंवा श्रावणातली निघाली तर शाकाहारी माणसं किती ते तेव्हाच सांगा. जून-जुलैत वाढदिवस असेल तर पापलेटाचा हट्ट धरू नका. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि ताटात येतो तो बर्फातलाच मासा. केक सकाळीच त्यांच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवा. आणि रविवार असेल तर घरातलं कोणीतरी एक माणूस साडेसातच्या आत तिथे पोहोचू द्या. बाकीच्यांनी सावकाश यावं.